व्हायोलिनला बक्षीस

कंपनीने मला वर्षभर जर्मनीला पाठवलं तेव्हा बाबा महिनाभर माझ्याकडे राहायला आले. जुळे सोलापुरात सकाळी चार घरं फिरल्याशिवाय ज्याचा चहा पचत नाही, तो माणूस तिथल्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून पार कंटाळला. त्यांनी एकच गोष्ट मागितली, इथलं गाणं-बजावणं समोर बसून ऐकायचं. तरुणपणी ते वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे.

मी आपली शहाणी, तिकीट दारात मिळेल म्हणून त्यांना एका व्हायोलिनच्या मैफलीला घेऊन गेले. तिकिटं कधीच संपली होती. बाबांनी नुसती कानटोपी नीट केली, आणि मला माझाच राग आला. तेवढ्यात मोत्यांची माळ घातलेली एक आजी जवळ आली. मुलगा-सून ऐन वेळी येत नाहीत, दोन तिकिटं वाया जातील, तुम्हीच घ्या, म्हणाली. पैसे घेईना. बाबांनी हात जोडले.

आजी तिथल्या नेहमीच्यांपैकी निघाली. जागेवर पोचेपर्यंत निम्म्या हॉलने तिची विचारपूस केली. आता आम्ही तिचे पाहुणे, म्हणजे आमचं काही चुकलं तर बोल तिला लागणार. मी बाबांना बजावलं, बोलायचं नाही, खोकायचं नाही, मांडीवर ठेका धरायचा नाही. उठायचं नाही हे सांगायचं मात्र मला सुचलं नाही.

व्हायोलिनवाली मुलगी रंगात आली आणि बाबा उठले. आमच्याकडे वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात गाणं आवडलं की ऐकणारा उठून स्टेजपर्यंत जातो आणि गाणाऱ्याला नोट देतो. न उठणारा चिक्कू ठरतो. रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाबा थेट पुढे गेले, मुलीच्या पायाशी दहा युरोची नोट ठेवली, हात जोडले आणि शांतपणे परत येऊन बसले. ती वाजवायची थांबली नाही, पण भुवया पार वर गेल्या. हॉलभर माना वळल्या. आजी ताठ बसून समोर बघत होती. तिला आता इथं तोंड दाखवायची सोय राहिली नाही या विचाराने मी शरमेने अर्धी झाले.

मध्यंतरात मी आजीची माफी मागितली आणि आमची रीत समजावून सांगितली, की गाणं काळजाला भिडलं तर खुर्चीत बसून राहणं आमच्यात बरं दिसत नाही.

"मी इतकी वर्षं बसूनच ऐकलं," ती म्हणाली.

पुन्हा वाजवणं सुरू झालं. थोड्या वेळाने शेजारी पर्स उघडल्याचा आवाज आला. आजीने नोट काढली, तिची घडी घातली आणि ती खुर्चीवरून अर्धी उठली. बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आत्ता न्हाय, ताई," ते कुजबुजले. "आजून रंग चढायचाय. मी सांगतो की."

मराठीचं अक्षर न कळणारी ती बाई नोट मुठीत धरून खाली बसली, आणि पुढे स्टेजकडे बघायचं सोडून बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली.