कोंडाजींनी रहाटणीत धरलेला डास

तळेगावच्या कोंडाजींचं काम ऐकलं की बायका तोंडाला पदर लावत. डासांमुळे पसरणारे ताप तपासणाऱ्या पुण्याच्या एका सरकारी कचेरीसाठी ते डास धरत. पोटरी उघडी टाकून बसायचं, डास टेकला की त्यावर काचेची नळी पालथी घालायची अन् कापसाचा बोळा लावायचा. ‘बसून पगार,’ असं सोयरेधायरेही चिडवत आणि कोंडाजी त्यांच्याबरोबर हसत. पण १९५६च्या श्रावणात रहाटणीहून लेकीच्या सासरचा निरोप आला आणि त्यांचं हसू पळालं: ‘येऊन पोरगी घेऊन जा.’

विमल चार महिन्यांपूर्वी त्या घरात सून म्हणून गेली होती. सासू, सासरे आणि पिंपरीच्या नव्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपणारा नवरा, तिघंही एकाच आठवड्यात हाडमोड्या तापाने आडवे झाले. ठणठणीत राहिली ती एकटी विमल. झालं! सासूने, म्हणजे अंबुबाईंनी, ठरवूनच टाकलं की सून पांढऱ्या पायाची.

कोंडाजी पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. लेक रानात खुरपायला गेलेली. नुकतेच तापातून उठलेले व्याही दौलतराव आणि अंबुबाई ओसरीवर बसले होते. तेवढ्यात पायांवर पांढरे पट्टे असलेला एक डास दौलतरावांच्या घोट्यावर टेकला. त्यांनी चापट मारली, तो उडून अंबुबाईंच्या कोपरावर. त्यांनी हात झटकला, तो कोंडाजींच्या पोटरीवर. कोंडाजींनी नळी घातली.

“मादी हाय,” ते म्हणाले. “चैत्रातल्या हळदीकुंकवाला निघाल्यावानी ह्या घरी घोटभर पन्हं, त्या घरी घोटभर. हाकलली की दुसऱ्याकडं. हिच्या तोंडात तापाचं विष असलं की एका फेरीत सगळं घर आडवं.”

“मग तुमची पोरगीच बरी सुटली?” अंबुबाई म्हणाल्या.

उत्तर सोपं होतं, पण लेकीचा संसार त्या उत्तरावर टांगलेला. कोंडाजींनी आवाज मऊ केला. “ही रातची न्हाई, दिवसा चावती, घरात असल त्याला. विमल उजाडल्यापास्नं रानात असती, विहीणबाई.”

“म्हंजे आमी बसून खातो म्हनून ताप आला व्हय?”

“मी तसं कुठं म्हनलो? मी तर बसून पगार घेतो!”

दौलतराव फसकन हसले. अंबुबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. “रानातनं बोलवा सूनबाईला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “उद्यापास्नं खुरपं मी घेते. तिनं घर बघावं.”

लेक राहिली! पण पुढच्याच क्षणी कोंडाजी ताडकन उठून मोरीकडे धावले. तिथल्या रांजणात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

“आधी हा पालथा करा,” ते ओरडले, “मगच माझी पोर घरात बसंल!”