नोकरी न मिळण्याचं वाक्य

इंग्रजीची शिक्षिका म्हणून मला तीन शाळांनी नाकारलं होतं. तिशी आली तरी आईच्या पेन्शनवर जेवत होते आणि त्याची मला लाज वाटायला लागली होती. चौथी मुलाखत तिसगावच्या एका शाळेत होती. त्यासाठी बेलापूरच्या घरात आठवडाभर मी इंग्रजी व्याकरणातलं सब्जंक्टिव्ह घोटत बसले. प्रकार सोपा आहे. जे नाही ते आहे असं धरून बोलायचं, आणि तेव्हा ‘आय’ला ‘वॉज’ न लावता ‘वेअर’ लावायचं.

“इफ आय वेअर इल,” मी मोठ्यानं म्हटलं.

“इल म्हणजे आजारी ना?” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “असलं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते.”

हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. मग मी गरीब होऊन पाहिलं, आंधळी होऊन पाहिलं, दोन्हींना बंदी. शेवटी राणी झाले. राणी तिला चालली, पण माणूस आठवडाभर किती वेळा राणी होणार?

मुलाखतीला मुख्याध्यापक, इंग्रजीचे तज्ज्ञ आणि संस्थेचे टोपीवाले अध्यक्ष असे तिघे होते. अध्यक्ष पेंगत होते. तज्ज्ञ म्हणाले, “समजा, तुमची निवड झाली नाही. सब्जंक्टिव्हमध्ये सांगा.”

वाक्य अगदी ओठांवर होतं, पण बाहेर पडेना. मी म्हणाले, “आय अ‍ॅम सिलेक्टेड.”

“यात सब्जंक्टिव्ह कुठंय?”

“सर, एवढं सोडून काहीही विचारा. आपल्या तोंडानं आपलं वाईट मी बोलत नाही.”

अध्यक्ष खडबडून जागे झाले. “बराबर हाय बाईंचं. मी बी ‘पाऊस न्हाई पडला तर’ आसं कधी म्हनत न्हाई.”

माझ्या जिवात जीव आला. मी बाहेर येऊन बाकावर बसले, तर माझ्यानंतरची मुलगी आत गेली आणि तिनं तेच वाक्य असं खणखणीत म्हटलं, की मला बाहेर ऐकू आलं. निवड तिची झाली.

घरी येऊन मी रडत सगळं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला.

“अगं, बोलून टाकायचंस की. वास्तू आपल्या घराची. ती तिसगावला कशाला येतेय तथास्तु म्हणायला?”

मी भयंकर चिडले. “हे सकाळी सांगितलं असतंस, तर मला नोकरी लागली असती.”

“मग हेच ‘असतं तर’ तिथं इंग्रजीत म्हणायचं होतंस,” आई म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.