खोटं ठरलेलं नाणं

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. ही बातमी रत्नागिरीभर पसरवली ती आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या बाईने. गेल्या वर्षी एका सकाळी तिने टोपली पायरीवर टेकवली, कमरेची पिशवी सोडली आणि एक मोठं चांदीचं नाणं माझ्या हातावर ठेवलं.

"आजेसासऱ्यांचा हाय. बोटीवर खलाशी होते. नातीला पैंजण करूया म्हणून सोनाराकडं नेला, तर म्हणालान, खोटा हाय. नायतर त्यावर एवढे ठसे कोण ठोकील?"

तिचा चेहरा अगदी उतरला होता. इतकी वर्षं देवाजवळ पुजलेलं नाणं ते!

मी भिंग लावलं. एका बाजूला त्रिशूळ धरून उभी असलेली बाई, दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीकसा इंग्रजी 'बी' दिसला आणि मी ओरडलेच, "अगं, हे आपल्या मुंबईच्या टांकसाळीतलं! चीनकडच्या व्यापारासाठी पाडलेलं!"

पण मधे मधे ठोकलेले ते सहा खोलगट ठसे कसले? एकात अक्षरासारखं काहीतरी होतं. मला चिनी कुठलं येतंय?

"थांबा ताई," ती म्हणाली, "माझा झील बोटीवर हाय. त्यांचा जेवण करणारा चिनी हाय."

तिने तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला. मुलाने फोन स्वयंपाकघरात नेला. पीठ लागलेले हात पुशीत एक जाडा गृहस्थ पडद्यावर आला, नाणं बघून हसला आणि मोडक्या इंग्रजीत भराभर बोलू लागला. मुलगा सांगत गेला, "आये, ह्यो म्हणतो, पूर्वी तिकडचे सराफ चांदी पारखायचे. खरी निघाली की आपला ठसा मारायचे. त्या एका ठशात 'शुभ' लिवलंय. बाकीचे झिजलेत, त्याला वाचता येत नाय."

"म्हंजे सहा जणांनी पास केलान?" ती टाळी वाजवत म्हणाली. "चला ताई, सोनाराकडं!"

सोनाराने आधी मान हलवली. मग नाणं कसोटीवर घासलं, पुन्हा घासलं, आणि कान पकडले. "चुकलो मावशी. चांदी चोख आहे. आटवू?"

"हात नको लावूस!" ती म्हणाली. "पैंजणाला दुसरी चांदी काढ."

सोनार हसला आणि माझं भिंग मागून घेतलं. मग आम्ही तिघंही गल्ल्यावर वाकून तो 'शुभ' कुठे आहे ते शोधत बसलो.