‘पाळी’ नावाचं घड्याळ

उल्हासनगरच्या एका गाळ्यात आम्ही बायकांची मनगटी घड्याळं जुळवतो. तबकडीवर नाव असतं, ‘पाळी’. वाचून कोणी हसतं, कोणी घड्याळ पालथं करून ठेवतं. हे नाव मीच ठेवलं. का ठेवलं, ते विचारेल त्याला सांगते.

आधी मी अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीत, प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कंपनीत ठेक्यावर पॅकिंगला होते. मोबाईल गेटवर जमा व्हायचे. हॉलमध्ये घड्याळ नव्हतं. एकच होतं, सुपरवायझरच्या केबिनमध्ये, तेही त्याच्याकडे तोंड करून. पाळी सुटल्याचा भोंगा तोच वाजवायचा. बाहेर येऊन मोबाईल हातात पडला की कळायचं, आजही उशिरा सोडलं. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा मात्र लवकर व्हायचा.

म्हणून मी घड्याळ घालून गेले. साधंच, स्टीलच्या पट्ट्याचं. दुपारी तो माझ्यापाशी थांबला.

“घड्याळ कशाला? भोंगा वाजतो ना?”

“वाजतो. पण उशिरा.”

शेजारणीचे हात थांबले. तो म्हणाला, “पट्ट्यानं डब्यांना चरे पडतात. काढून ठेवा.”

काढलं. संध्याकाळी घरच्या उलट दिशेला, उल्हासनगरला, घड्याळांच्या दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्या सिंधी शेठनी कापडी पट्टा लावून दिला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला काच दिसली. फुटून तुकडा डब्यात गेला म्हणजे? शेठनी काच काढून प्लास्टिकची बसवली. मग त्याचं म्हणणं, बायका सारख्या तुमच्याकडे वेळ विचारायला येतात, काम खोळंबतं. ते खरं होतं. मी शेठना म्हटलं, बाराच्या बारा आकडे ठळक असलेली तबकडी द्या, टेबलाच्या त्या टोकावरून दिसली पाहिजे.

“बेटा, ये तो जेंट्स का डायल है. तुम्हारे हाथ पे भारी लगेगा.”

“लागू दे.”

त्यानंतर कोणी विचारायला उठली नाही. वेळ झाली की सगळ्या माझ्या मनगटाकडे बघायच्या आणि काम थांबवायच्या, भोंगा वाजो न वाजो. तो ओरडत आला. “पाळी संपली,” मी म्हणाले, आणि पिशवी उचलली. माझ्यामागून बाकीच्यांनीही उचलल्या. थोड्याच दिवसांत भोंगा वेळेवर वाजायला लागला.

मला मात्र ठेकेदारानं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. कात्रपच्या घरी पोचेपर्यंत रडले. सकाळी तोंड धुऊन शेठच्या दुकानात गेले आणि म्हटलं, मला काम शिकवा. त्यांनी शिकवलं. हळूहळू कंपनीतल्या बायका ‘तुझ्यासारखंच दे’ म्हणत यायला लागल्या, तेव्हा आम्ही तसलीच घड्याळं जुळवायची ठरवलं. शेठना काहीतरी परदेशी वाटेल असं नाव हवं होतं. मी ‘पाळी’ म्हटलं.

“पाळी मतलब शिफ्ट ना?”

“शिफ्ट. आणि बारी. आणि बायकांची महिन्याची.”

शेठनी चष्मा काढला. “फिर बिलकुल नहीं. दुकान में कोई माँगेगा कैसे?”

मी त्यांना सांगितलं. त्या दिवसांत आम्हाला दुसऱ्यांदा बाथरूमला जायचं असलं तर सुपरवायझरला कारण द्यावं लागायचं. पोट बिघडलंय, उलटी होतेय, काहीही खोटं सांगायचो, पण तो शब्द गिळायचो. आणि तो माणूस दिवसभर खुशाल ओरडायचा, पाळी सुटली नाही अजून, पाळी सुटली नाही. “त्याच्या तोंडी चालतो, मग आमच्या मनगटावर का नको?”

आत त्यांची सून बिलं करत बसली होती. तिथूनच म्हणाली, “पप्पा, यही रखो.”

तेव्हापासून प्रत्येक ‘पाळी’ला कापडी पट्टा असतो, न फुटणारी काच असते आणि ठळक बारा आकडे. दुकानदार तारखेची खिडकी मागतात. मी देत नाही. तिच्यापायी तीनचा आकडा जातो, आणि ज्या बाईची पाळी तीनला सुटते, तिला तोच बघायचा असतो.

कात्रपमधल्या एका दुकानदारानं सुचवलं, “वहिनी, नावावर स्टिकर लावा, शोकेसमध्ये पुढेच ठेवतो.” मी खोका उचलून घरी आणला. शेजारच्या लेडीज टेलरणीनं तिच्या दुकानात खिळे ठोकून घड्याळं टांगली. आता संध्याकाळी मीही तिथं उभी असते.

परवा एक बाई मुलीला घेऊन आली. “ते कापडी पट्ट्याचं दाखवा,” ती हळूच म्हणाली.

“नाव घ्या, मग दाखवते.”

तिनं रस्त्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि चांगल्या मोठ्या आवाजात नाव घेतलं.