नाताळच्या भागातला चांगला पोलीस

लेन प्रूसाकला गल्लीत सगळे ‘टीव्हीवाला लेन’ म्हणत. शिकागोच्या पश्चिम भागात एकतीस वर्षं त्यानं गस्तीचा पोलीस म्हणून काढली, तेव्हा त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं. निवृत्त झाल्यावर एका पोलिसी मालिकेत सल्लागाराचं काम मिळालं आणि शेजारी त्याला हाका मारून थांबवू लागले. बेड्या कशा घालतात, गाडीत बसवताना आरोपीच्या डोक्यावर हात का ठेवतात, वायरलेसवर पोलीस किती कमी बोलतो, हे तो नटांना दाखवायचा. मुख्य नट तर त्याची चालसुद्धा उचलायचा. लेनला ते फार आवडायचं.

ऑगस्टच्या उकाड्यात मालिकेची लेखकमंडळी नाताळच्या खास भागापाशी अडून बसली होती. त्यांची प्रमुख कोरीन लेनला म्हणाली, “लेन, तुमच्या नोकरीतला एखादा नाताळ आठवतो का? खूनबिन नको. लोकांना त्या आठवड्यात रडायचं असतं, पण बरं वाटून रडायचं असतं.”

लेनला एकच नाताळ आठवत होता. तोच त्यानं सांगितला.

सदतीस वर्षांपूर्वी, नाताळच्या आदल्या दुपारी, चपलाबुटांच्या एका दुकानातून बोलावणं आलं. इव्हेट नावाच्या बाईनं मुलीच्या पायांत नवे बर्फातले बूट चढवून पैसे न देताच काढता पाय घेतला होता. मुलगी सात-आठ वर्षांची. लेनबरोबर त्याचा गस्तीचा जोडीदार होता. जोडीदार बाईला आत टाकायला निघाला, पण लेन म्हणाला, “सोड ना, सण आहे. बुटांचे पैसे मी भरतो.” जोडीदार ऐकेना. शेवटी लेननं पैसे भरले आणि मायलेकींना गाडीतून घरी पोचवलं.

कोरीननं चष्मा काढून डोळे पुसले. “हाच आपला भाग,” ती म्हणाली.

गोष्ट खरी होती, फक्त माणसं उलटी होती आणि शेवट बदललेला होता. “सोड ना, सण आहे” हे त्याचा जोडीदार वॉल्टर टन्स्टल म्हणाला होता. बाईला आत टाकणारा लेन होता, आणि त्यानं तिला टाकलंच होतं. हे त्यानं ठरवून केलं नव्हतं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती आणि बोलता बोलता जिभेनंच अदलाबदल केली. पण त्यानंतर चार महिने रोज सुधारायची संधी असताना तो गप्प राहिला, ते मात्र ठरवून. वॉल्टरला जाऊन सहा वर्षं झाली होती. आता कोण विचारायला येणार होतं?

डिसेंबरात तो भाग लागायचा होता, त्या संध्याकाळी लेनच्या बायकोनं, डोलोरेसनं, घर माणसांनी भरून टाकलं. मुलगी, जावई, नातवंडं, शेजारची दोन कुटुंबं. बटाटा भरलेल्या पिएरोगींची, म्हणजे पोलिश करंज्यांची, परात टेबलावर वाफाळत होती. एवढ्यात दाराची घंटा वाजली आणि डोलोरेस म्हणाली, “पर्ल असेल. मीच बोलावलंय तिला. वॉल्टरच्या वेळची गोष्ट आहे म्हणालास ना? बघू दे की बिचारीला.”

पर्ल म्हणजे वॉल्टरची बायको. पंच्याहत्तरीची, ताठ, टोपीवर बर्फ घेऊन ती आत आली. लेननं तिचा कोट घेतला तेव्हा त्याचे हात गार पडले होते.

“काय रे लिओनार्ड, घरात एवढी ऊब आहे आणि तुझे हात असे?” ती त्याला नेहमीसारखी पूर्ण नावानं हाक मारत म्हणाली.

भाग सुरू झाला. पडद्यावरचा चांगला पोलीस लेनच्या चालीनं चालत होता. त्याचा जोडीदार जाडजूड आणि खेकसणारा होता. मुलीच्या पायांतले बूट ओढून काढताना कॅमेरा त्याच्या दातांवर गेला. “कसला दुष्ट आहे हा!” लेनचा धाकटा नातू ओरडला. पर्लच्या मांडीवर ताटली तशीच होती. शेवटी बर्फात घंटा वाजल्या, मायलेकी घरात शिरल्या, नावांच्या पाट्या वर सरकू लागल्या आणि त्यांत आलं, ‘लेन प्रूसाक यांच्या आठवणीवरून’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जावयानं लेनच्या पाठीवर थाप मारली. “इतकी वर्षं आम्हाला बोलला नाहीत कधी!”

पर्ल उठून ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. लेन मागोमाग गेला.

ती पाठमोरीच म्हणाली, “ते बूट लाल होते. टीव्हीवाल्यांनी निळे दाखवले.”

लेननं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“वॉल्टर त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, लेनीनं बाईला आत टाकलं आणि पोरगी सरकारी निवाऱ्यात गेली. कोर्ट चार दिवस बंद, म्हणजे चार दिवस पोरगी तिथंच. नाताळच्या सकाळी दुकानदाराला घरातून उठवून वॉल्टरनं तेच बूट विकत घेतले आणि निवाऱ्यात देऊन आला. तुला नाही सांगितलं त्यानं?”

“नाही.”

“तुला वाईट वाटेल म्हणून नसेल सांगितलं,” पर्ल म्हणाली. “काय केलं होतं रे त्या बाईनं तुझं?”

लेनला ते लख्ख आठवत होतं. बाई त्याला म्हणाली होती, “आईनं पाठवलंय का रे तुला, बाळा, एवढी मोठी टोपी घालून?” दुकानातली रांग हसली होती. तो तीस वर्षांचा होता, टोपी खरंच मोठी होती. एवढंच.

“हसली होती मला,” तो म्हणाला.

पर्लनं मान हलवली, राग आल्यासारखी नाही, थकल्यासारखी. “आमच्या एल्विननं बघितलाय हा भाग, मिलवॉकीत. आत्ता मला संदेश आला त्याचा. विचारतोय, आई, तो दुसरा पोलीस म्हणजे बाबा का? मी काय लिहू?”

बाहेरच्या खोलीत कुणीतरी लेनच्या नावानं हाका मारत होतं.

सोमवारी तो कोरीनकडे गेला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तिनं दार लावून घेतलं. “लेन, देशभर लोकांनी बघितलाय तो भाग. आता माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?”

“माझं नाव काढा त्यावरून.”

“ते काढते.” वहीत टिपून घेत ती म्हणाली, “तुम्ही खरी गोष्ट सांगितली असती ना, तर मी तीच लिहिली असती. ती जास्त चांगली होती.”

मालिकेच्या पुढच्या मोसमासाठी त्याला बोलावणं आलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी संध्याकाळी त्यानं डोलोरेसला शेजारी बसवून घेतलं, सांगितलं, आणि तिच्यासमोरच एल्विनला फोन लावला. वॉल्टरचा हा मुलगा अग्निशमन दलात होता, पन्नाशीला आलेला. लहानपणी लेनच्या खांद्यावर बसून मिरवणुका बघितलेला.

“लेनकाका? बोला ना.”

“एल्विन, टीव्हीवरचा तो चांगला पोलीस तुझा बाप होता. दुसरा मी होतो.”

पलीकडे एल्विननं टीव्ही बंद केला.

“मग तुम्ही उलटं का सांगितलंत?”

“मला तसं व्हायचं होतं,” लेन म्हणाला. मग त्याला वाटलं, हेही शोभिवंतच झालं. “नाही. चार लोक ऐकत होते. मला छान दिसायचं होतं. बाकी काही नाही.”

“आणि बाबा मेलेले होते.”

“हो.”

डोलोरेस खिडकीकडे बघत बसली होती. एल्विननं माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तो फक्त म्हणाला, “बुटांचं सगळं सांगा. पहिल्यापासून. माझी पोरं इथं बसलीत, त्यांनाही ऐकू दे. त्यांनीही बघितलाय तो भाग.”

लेननं फोन दुसऱ्या हातात घेतला. पलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, एका मुलीनं कुणाला तरी गप्प केलं. त्यानं दुकानापासून सुरुवात केली, आणि या वेळी बाईनं मारलेला टोपीचा टोमणा, रांगेतलं हसू आणि बेड्या घातल्यावर मुलीच्या पायांतून आपण स्वतः ओढून काढलेले बूट, काहीच वगळलं नाही.