शत्रूच्या क्लबातली टॅरिन

वॉराबिनमध्ये पोर जन्मतं ते फुटबॉलचा क्लब घेऊनच जन्मतं. पुढे चर्च बदला, नवरा बदला, ट्रॅक्टरची कंपनीसुद्धा बदला, कुणी काही म्हणायचं नाही. क्लब बदललेला माणूस मात्र या गावात अजून कुणी पाहिलेला नाही. नोस्केंच्या घरात तीन पिढ्या शहरातल्या कॅसलगेटच्या. हिरवा-पांढरा स्कार्फ, हिरवी-पांढरी टोपी, कुत्र्याचा पट्टाही हिरवा-पांढरा. आणि डॉकसाइड म्हणजे शत्रू! का, ते विचारू नका. आजोबांच्या वेळी त्या जांभळ्या-पिवळ्यांनी काहीतरी लबाडी केली होती म्हणे. काय केली होती ते आजोबांबरोबरच गेलं, राग तेवढा मागे राहिला.

टॅरिन ही या घरातली धाकटी. बारा वर्षांची होईपर्यंत मुलांच्यात फुटी, म्हणजे अंगावर धडका देत हातापायांनी खेळायचा तिकडचा फुटबॉल, खेळली आणि त्यांना पुरून उरली. मग वरून फतवा आला की मुलींनी आता नेटबॉल खेळावा. नेटबॉलमध्ये दुसरीच्या अंगाला हात लावायची चोरी. पहिल्याच सामन्यात टॅरिनने समोरच्या पोरीला कमरेत धरून आडवी केली आणि बॉल घेऊन पळाली. कुठे पळतोय ते तिलाही ठाऊक नव्हतं. नेटबॉलच्या बाई म्हणाल्या, "बाळ, तू घरी जा." ती गेली. मोठी झाल्यावर गव्हाची मळणीयंत्रं दुरुस्त करायचं काम शिकली, आणि चिडली की यंत्राखाली झोपून बोल्टांना शिव्या घालू लागली.

बाप मर्व हा शाळेची बस चालवायचा आणि शनिवारी गावच्या मैदानावर गोल-पंच म्हणून उभा राहायचा. चार खांब, त्यांच्यामागे पांढरा कोट घातलेला मर्व. बॉल मधल्या दोन खांबांतून गेला की दोन बोटं पुढे करायची, म्हणजे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला की एक बोट, म्हणजे एक गुण. तोंडातून अक्षर काढायचं नाही. टॅरिन लहानपणी याच खांबांवर खेळली. तिने कसलाही झकास गोल मारला तरी बापाची दोन बोटं तेवढी पुढे यायची, चेहरा भिंतीसारखा. "पंचाने पोटच्या पोरीचं कौतुक करायचं नसतं," तो म्हणायचा. बरं, कोट काढल्यावर तरी करावं की नाही? घरी आला की जेवायचा आणि झोपायचा.

ती सव्विशीत आली तेव्हा शहरात बायकांच्या फुटीची मोठी लीग सुरू झाली. टॅरिन चाचणीला गेली आणि धडका देऊन दोन पुरुष प्रशिक्षकांना लंगडत घरी पाठवून आली. कुठल्या क्लबने कुणाला उचललं ते टीव्हीवर जाहीर व्हायचं होतं. खेळाडूला यात निवड नसते, ज्याने उचललं त्याची ती. मर्वने गावच्या क्लबात सगळा गोतावळा जमवला. आई ग्लेनिसने सॉसेज रोल भाजून आणले. मर्व टोपी घालून पुढच्या खुर्चीत बसला.

टॅरिनचं नाव पुकारलं गेलं. डॉकसाइडने उचललं होतं.

केल्विनकाकाच्या तोंडात सॉसेज रोल तसाच राहिला. कुणीतरी टाळी वाजवायला हात वर केले आणि केस सारखे केल्यासारखं केलं. मर्व टीव्हीकडे बोट करून म्हणाला, "हे रद्द करता येत नाही का?"

"मर्व!" ग्लेनिस ओरडली. "अरे, पोरगी मोठ्या लीगमध्ये चाललीय!"

"जाऊ दे की. मी कुठे अडवलंय? पण त्यांचा स्कार्फ माझ्या घरात यायचा नाही आणि मी त्यांच्या बाजूने ओरडायचा नाही. सांगून ठेवतो."

आणि मेल्याने ते पाळलंही! टॅरिनची जर्सी ग्लेनिस पाण्याच्या टाकीमागे वाळत घालायची, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. मर्व टीव्हीवर तिचे सामने बघायचा, पण आवाज बंद करून. आवाज बंद असला की पाप लागत नाही, असं त्याचं शास्त्र.

टॅरिन शहरात खेळली आणि नाव काढलं. क्लबचे पैसे अर्ध्या वर्षालाच पुरायचे, म्हणून सकाळी ट्रकच्या गॅरेजमध्ये ग्रीस, संध्याकाळी सराव. नाक दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी विचारलं, सरळ करू का? ती म्हणाली, "हंगाम संपल्यावर बघू, उगाच दुहेरी काम." लोक तिच्या नावाने घसा फोडून ओरडायचे. पण प्रत्येक सामन्यात तिची नजर कुंपणाशी जायची. तिथे आई, थर्मास घेऊन. एकटीच.

"बाबाने पाहिलं?" ती विचारायची.

"पाहिलं गं."

"काही बोलला?"

"चहा मागितला."

ती हसायची. पण खरं सांगायचं तर तिला फार लागायचं ते. हजारो लोकांनी घेतलेलं नाव एकीकडे आणि त्या एका माणसाने कुंपणावरून एकदा घ्यावं हे एकीकडे. मग गुडघा गेला आणि तिने थांबायचं ठरवलं. शेवटचा सामना नेमका कॅसलगेटशी.

"कॅसलगेटचा सामना आहे, जायला हवं," मर्व बूट पुसत म्हणाला. ग्लेनिसने थर्मासशेजारी दुसरा कप ठेवला. मोठी शहाणी बाई.

हिरवा-पांढरा स्कार्फ गुंडाळून मर्व गोलाच्या मागे, कॅसलगेटवाल्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. जन्मभर उभा राहिला होता तिथेच. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. दोन्हीकडे गुण सारखे, आणि टॅरिनने दोघींच्या डोक्यावरून उडी मारून बॉल झेलला. तेवढ्यात भोंगा वाजला. वेळ संपली, पण झेल आधीचा, म्हणजे लाथ तिचीच. सगळं मैदान थांबलं. ती लंगडत मागे गेली. समोर चार खांब आणि त्यांच्यामागे बोंबलणारी हिरवी गर्दी.

"ए लंगडे! घरी जा!" मर्वच्या शेजारचा जाड्या कोकलला. "गुडघा नाही तर नाही, अक्कल तरी आण!"

"तोंड सांभाळ," मर्व म्हणाला.

"का? तुझी कोण लागते ती?"

मर्वचा चेहरा लालबुंद झाला. त्याने कुंपण दोन्ही हातांनी धरलं आणि आयुष्यभराचं साठलेलं एका दमात बाहेर काढलं. "टॅरिन! टॅरिन नोस्के! वारा आहे, पोरी! डावीकडे धर! डावीकडे!"

तो आवाज तिने ओळखला. तिचे डोळे भरले, समोरचे खांब पुसट झाले. तिला वारा वेगळाच वाटत होता, पण तो विचार तिने सोडला. बाबा सांगतोय ना, मग डावीकडेच! तिने डावीकडे धरून लाथ घातली.

बॉल मधल्या खांबांच्या बाहेरून, डावीकडच्या फटीतून गेला. गोल हुकला. पंचाने एकच बोट पुढे केलं. क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही, मग मैदान फुटलं. एक गुण तर एक गुण! डॉकसाइड एका गुणाने जिंकलं होतं, हुकलेल्या लाथेवर!

"गद्दार!" जाड्याने मर्वची टोपी हिसकावून फेकली. मर्वचं लक्षच नव्हतं. मैत्रिणींच्या गराड्यातून सुटून टॅरिन कुंपणाशी आली तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

"चुकलं गं माझं. मी माझी डावी सांगितली. तुझी उजवी होती ती."

"बाबा, अरे जिंकलो आम्ही!"

"ते असू दे. सहा गेले ना तुझे." त्याने खांबांकडे हात केला. "सगळा जन्म या खांबांच्या मागे काढला मी. तुझ्या बाजूने कधी बघितलंच नाही."

टॅरिन हसतही होती आणि रडतही होती. सामना संपल्यावर लोकांना आत सोडतात. पोरं बॉल घेऊन धावत सुटली होती. तिने बापाचा हात धरून त्याला कुंपणावरून आत ओढलं, हिरव्या स्कार्फासकट, आणि लंगडत लंगडत, जिथून लाथ मारली त्याच जागेवर नेऊन उभं केलं.

"आता बघ."

मर्वने डोळे बारीक केले. मधल्या दोन खांबांकडे बघितलं.

"बाप रे," तो म्हणाला, "इथून तर केवढीशी फट दिसते गं. आणि तू रोज यातून मारत होतीस?"