रेवाला ऐकू आलेली हाक

हे मी आजवर कुणाशीच बोललेले नाही. आईशी नाही, इथल्या मैत्रिणींशी तर नाहीच. इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं, माझी सगळी शाळा इंग्रजीतच झाली. पण इंग्रजीत मी फार लवकर शहाणी होते, सगळ्याला नीट कारणं देत सुटते. मराठीत मला तेवढं जमत नाही. म्हणून मराठीत.

मी जर्मनीत, कार्ल्सरूहेला पीएचडी करते. विषय आहे डोंगरातल्या ओढ्यांचं तापमान. त्यासाठी कधीकधी मासे पकडून तपासावे लागतात, म्हणून मी इथली मासेमारीची परीक्षा देऊन परवाना काढला होता. राहायला होते अनुजाकाकूंच्या घरी, वरच्या खोलीत, भाड्याने. काका-काकू मूळचे पुण्याचे, पण इथे येऊन खूप वर्षं झालेली. त्यांची एकुलती मुलगी रेवा तेव्हा चौदाची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. एकच मराठी शब्द ती रोज वापरायची, ‘ताई’. मला.

रेवाला मासे पकडायचं वेड होतं. इथे त्या वयाच्या मुलांना परवानाधारक मोठं माणूस बरोबर लागतं, आणि ते घरात मीच होते.

“ने की गं हिला,” काकू म्हणाल्या. “ह्यांना गळाला साधं गांडूळ लावता येत नाही. बघूनच ईऽऽ करतात.”

मग शनिवारी आम्ही ब्लॅक फॉरेस्टच्या ओढ्यांवर जायला लागलो. आम्हाला हवा होता बाखझाइबलिंग—थंड पाण्यातला ट्राउट, पोटाखालच्या परांना पांढरी किनार असलेला. तो कुठे सापडेल हे शोधण्यातच खरी मजा होती. मी दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोडायचे, रेवा पालथी पडून काठाच्या मुळांखाली बघायची. जमिनीतून झरा येऊन मिळतो तिथे पाणी एकदम गार लागतं. तिथेच तो असतो. सापडला की रेवा माझा दंड घट्ट धरायची. इथल्या नियमाने मापात बसणारा मासा हौस म्हणून पकडून परत सोडायचा नसतो, लगेच मारावा लागतो. ते मला कधी जमलं नाही. रेवा डोक्यावर एक नेमका फटका द्यायची, मग सुरी. हात जराही कापायचा नाही तिचा. मला तिचा हेवा वाटायचा—असं ठाम असणं मला कधी जमलं?

तो सप्टेंबरचा शनिवार होता. सकाळपासून धुकं उतरलेलं. आमच्या परवान्याची हद्द एका लाकडी पुलापाशी संपत होती, तिथे तशी पाटीही होती. पण पुलाच्या खालच्या अंगाला पाणी कोमट होतं, आणि वरच्या अंगाला झरे आहेत हे मला माझ्या कामामुळे माहीत होतं. “जरा पुढे बघू,” मी म्हणाले. मीच म्हणाले. रेवाने पाटीकडे बोट दाखवलं होतं.

वर एक डोह सापडला. काळा, स्थिर. आजूबाजूला स्प्रूसची दाट झाडं, खाली सगळं शेवाळ. पक्षी नव्हते. पाण्याचा आवाजही कुणीतरी कमी केल्यासारखा. रेवा माझ्याकडे तोंड आणि ओढ्याकडे पाठ करून गळ बांधत होती.

तेव्हा हाक आली. “हालो?”

ओरडून नाही. रिकाम्या घरात शिरताना, कुणी आहे का हे बघायला माणूस जसं म्हणतं, तसं. मग थोडं थांबून पुन्हा.

रेवाने मान वर केली. “ताई, हास्ट डू दास गेह्यॉर्ट?” ऐकलंस का?

मी म्हणाले, “काय? नाही गं.”

का म्हणाले? हद्दीबाहेर होतो. मासेमारीचे परवाने तपासणारा निरीक्षक असला तर कागद मागेल, तक्रार करेल, माझा व्हिसा तेव्हाच वाढवायला दिलेला—असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्या क्षणी यातलं काही मनात होतं का? मला आठवतं ते एवढंच, की तोंडातून ‘नाही’ निघालं, आणि एकदा निघाल्यावर ते मागे घ्यायची मला लाज वाटली.

पुन्हा हाक आली, जवळून. रेवा वळायला लागली. मी तिचे दोन्ही खांदे धरून पुलाच्या दिशेने फिरवले आणि म्हणाले, “चल, मला थंडी वाजतेय.” परत येताना ती सारखी विचारत होती. खरंच नाही? अजिबात नाही? मी दर वेळी नाही म्हणाले. शेवटी हसलेसुद्धा. “कान तपासून घे, बाई.”

ती हसली नाही.

मग ते घरात शिरलं. रेवा जेवताना मध्येच थांबायची, ऐकत राहायची. शाळेत कुणी हाक मारली की ओ द्यायची नाही. एकदा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या चपात्या लाटत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

“ह्यांच्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “कॉलेजात असताना. नसलेल्या हाका. आमच्यात कुणी बोलत नाही त्याबद्दल.” लाटणं थांबलं. “तू होतीस ना तिच्याबरोबर? खरं सांग हं मला. तुला काही ऐकू आलं होतं?”

एक शब्द पुरला असता. त्या गॅस बंद करून खाली बसल्या असत्या, रडल्या असत्या, मग मला चार शब्द सुनावले असते. मी म्हणाले, “नाही, काकू.”

त्यांनी मान हलवली. चपाती तव्यावर टाकली. त्याच आठवड्यात रेवाला डॉक्टरांकडे नेलं. पुढे गोळ्या सुरू झाल्या.

आणि अजून एक आहे. मी नुसतं ऐकलं नव्हतं. रेवाची पाठ होती, माझी नव्हती. डोहाच्या पलीकडे एक माणूस उभा होता, म्हातारा, फिकट शर्ट घातलेला, गुडघ्यापर्यंत पाण्यात. मी त्या पाण्यात थर्मामीटर सोडला होता, ते किती गार होतं मला माहीत होतं. त्याने आमच्याकडे बघून हात वर केला. मग एक पाऊल दगडावर ठेवलं. पाऊल अनवाणी होतं.

निरीक्षक अनवाणी येत नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी रेवाचे खांदे धरून तिला फिरवलं.

तो कोण होता, त्याचं काय झालं, मला माहीत नाही. कितीतरी दिवस मी तिथल्या बातम्या बघत होते. काहीच आलं नाही. कधीकधी वाटतं, तो माणूस नव्हताच. तसं वाटलं की मला बरं वाटतं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटते.

मी आता वेगळी राहते, तरी रविवारी काकूंकडे जेवायला जाते. रेवा सतरा वर्षांची आहे. मासेमारी सुटली. घरात कसला आवाज झाला की ती आधी मला विचारते. आईला नाही, मला. ताई कधी खोटं बोलत नाही, असं तिने डॉक्टरांनाही सांगितलंय. काकूंनी मला हे कौतुकाने सांगितलं.

परवा दाराची बेल वाजली. काका-काकू मागे बागेत होते. रेवा दाराच्या अगदी जवळ बसली होती, पण उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. बेल पुन्हा वाजली, तरी बघतच राहिली.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. तेव्हा ती दार उघडायला गेली.